एका अंगाला

"बाबांची जीभ मला आज जड वाटली गं. जरा बघशील का?"

नणंदेने फोनवर हे विचारलं तेव्हा इकडे तिच्या मांडीवर मुलगी होती, मुलीच्या काखेत थर्मामीटर, आणि फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला. "अहो ताई, कवळी नवीन आहे त्यांची," ती म्हणाली. "दातांचे डॉक्टर म्हणालेच होते, सुरुवातीला बोलणं असंच लागेल." तेवढ्यात थर्मामीटर वाजला. ताप नव्हता. ताप नसतानाच ती ताप बघायची. आल्यावर बघून काय उपयोग, असं तिचं म्हणणं होतं.

तिकडून ताई आणखी काही सांगत होत्या, पण मुलीने फोनची वायर तोंडात घातली आणि बोलणं आवरतं घ्यावं लागलं. तसंही ताईंचं काही नवीन नव्हतं. त्या दूरच्या गावी राहायच्या, दर रविवारी वडिलांना फोन करायच्या, आणि दर रविवारी काहीतरी निघायचंच. मागे एकदा त्यांना बाबांचा आवाज बसल्यासारखा वाटला, तेव्हा बाबा नुकतेच झोपेतून उठले होते. त्याआधी त्यांना धाप लागल्यासारखी वाटली, तेव्हा बाबा फोन कानाला लावून जिना चढत होते. ताईंची काळजी या घरात भिंतीवरच्या घड्याळाच्या टोल्यांसारखी झाली होती. वाजायची, पण कुणी मान वर करून बघत नसे.

बाबा म्हणजे तिचे सासरे. उभा जन्म सुतारकामात गेलेला. दारं-खिडक्या बनवणाऱ्या एका कारखान्यात ते मिस्त्री होते आणि नव्या इमारतींमध्ये दारं बसवणारी टोळी त्यांच्या हाताखाली असायची. कारखान्यात सगळे त्यांना 'पाणसळ' म्हणायचे. पाणसळ म्हणजे सुताराची ती पट्टी, जिच्या काचेच्या नळीत एक बुडबुडा फिरत असतो. बुडबुडा मधोमध थांबला की काम सपाट आहे असं समजायचं. पाणसळला पाणसळ लागत नाही, असं टोळीतले लोक म्हणत. बाबा म्हणत की लागते, पण ती पिशवीतून काढेपर्यंत आपल्याला कळलेलं असतं.

ही विद्या कारखान्याच्या फाटकाच्या आत राहिली असती तर बरं झालं असतं. पण कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा पेला हातात यायच्या आधी बाबा उठून भिंतीवरची तसबीर सरळ करायचे. डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली बसचं तिकीट दुमडून घालायचे. तिच्या माहेरी पहिल्यांदा आले तेव्हा तिच्या वडिलांशी बोलता बोलता मध्येच उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या बिजागऱ्या बघत उभे राहिले. दाराआड तिची आई ओशाळून गेली. तेव्हा सासूबाई होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "मनावर घेऊ नका. आमच्या ह्यांना वर नेलं ना, तरी आधी तिथलं दार नीट लागतं का ते बघतील, मग आत जातील." पुढे सासूबाईच आधी गेल्या. दाराचं काय झालं ते कळायला मार्ग नाही, असं बाबा कधीतरी म्हणायचे.

ती घरून काम करायची. एका प्रकाशनाचा शाळकरी मुलांसाठी शब्दकोश चालला होता. इंग्रजी शब्द, त्याचा सोप्या मराठीत अर्थ, मग तो कसा वापरायचा ते दाखवणारी तीन वाक्यं, आणि अधूनमधून एखाद्या शब्दाखाली 'करून बघा' नावाचा छोटासा मजकूर. संपादिकाबाई कडक होत्या. वाक्यात राजा किंवा वनराई आली की खाली तांबडी रेघ यायची. घरातलं वाक्य द्या, असा त्यांचा घोष. मग घरातली माणसं एकेक करून शब्दकोशात जाऊ लागली. आळशी या अर्थाचा शब्द नवऱ्याच्या वाट्याला आला. त्याने रुसल्याचं सोंग केलं आणि मित्रांना दाखवायला त्या पानाचा फोटो काढून घेतला. 'लेव्हल' या शब्दासाठी बाबांशिवाय दुसरं कोण असणार? आजोबा फळी ठोकण्याआधी ती सपाट आहे का ते बघतात, असं ते वाक्य होतं. खाली 'करून बघा'मध्ये तिने लिहिलं होतं: ताटलीत थोडं पाणी घे, ताटली टेबलावर ठेव, पाणी कुठल्या काठाकडे जातं ते बघ. बाबांनी हा प्रयोग स्वतः करून पाहिला आणि जेवणाचं टेबल उलटं करून त्याचे पाय तासायला घेतले. त्या दिवशी सगळे जमिनीवर बसून जेवले.

कामातून उरलेला जीव मुलीकडे. मुलगी नुकती रांगायला लागली होती. बाबा तिला 'मुकादम' म्हणायचे. ती काम काही करत नाही, समोर बसून बघत राहते आणि मनासारखं झालं नाही की ओरडते, म्हणून. या मुकादमाला अगदी लहान असताना उजवीकडेच मान करून झोपायची सवय होती. तिने कुठेतरी वाचलं की अशाने डोकं एका बाजूने चपटं होतं. मग आणखी वाचलं. मूल एकच हात जास्त वापरत असेल तर डॉक्टरांना दाखवावं, असंही त्यात होतं. दाखवलं. डॉक्टर हसून म्हणाले, पोर ठणठणीत आहे, झोपेची गरज आईला आहे. ते तिला पटलं नाही. तेव्हापासून तिने नेमच धरला: मुलीची अंघोळ झाली की तिला समोर बसवायचं, एक लाकडी चमचा उजवीकडून पुढे करायचा, मग डावीकडून. दोन्ही हातांनी सारख्याच जोराने ओढला की मग तोंडाने 'टॉक' असा आवाज काढून तिला हसवायचं आणि गाल बघायचे. दोन्ही सारखेच वर गेले की सुटका.

चमचा बाबांनीच कोरून दिला होता. हा कार्यक्रम ते समोरच्या खुर्चीत बसून रोज बघायचे. "आमच्या कारखान्यात एवढी तपासणी असती," ते म्हणायचे, "तर एकही दार बाहेर पडलं नसतं."

त्या आठवड्यात बाबांचा चहा शिल्लक राहू लागला. मुलीचा हात पोचू नये म्हणून ती कप त्यांच्या डाव्या बाजूच्या स्टुलावर ठेवायची. तासाभराने बघावं तर वर साय धरलेली. चहा नको होता का, असं तिने विचारलं, तर म्हणाले, दिलास कुठे? तिला वाटलं, चेष्टा करतायत. तीही हसली, तेही हसले. जाता-येता त्यांचा डावा खांदा दाराच्या चौकटीला घासायचा. चौकट आकसली वाटतं, असं म्हणून ते पुढे जायचे. घरात सगळं असं हसण्यावारी जात होतं आणि त्यात कुणाचंच काही चुकत आहे असं वाटत नव्हतं.

मुकादम स्वयंपाकघरात घुसू नये म्हणून बाबांनी फाटक करायला घेतलं होतं. कमरेपेक्षा खाली, दोन झडपांचं, मध्ये कडी. गॅलरीत बसून त्यांनी पट्ट्या रंध्याने तासल्या, कडा हाताला लागू नयेत म्हणून पॉलिशपेपरने घासून गोल केल्या. एरवी दोन दिवसांत उरकलं असतं ते काम लांबलं. गुरुवारी सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात बसवायला घेतलं. ठोकाठोकीने मुलगी बावरली, रडली, तिला घेऊन ती गच्चीवर गेली. त्या गडबडीत चमच्याचा कार्यक्रम राहून गेला.

परत आली तेव्हा फाटक लागलेलं होतं. उजवी झडप आरशासारखी सरळ. डावी तिच्यापेक्षा चांगली दोन बोटं खाली. डाव्या बिजागरीचे दोन स्क्रू अर्धेच पिळलेले, तिसऱ्याचं भोक रिकामं. कडी लागत होती, पण ओढून धरल्यावर.

"बाबा, हे असंच ठेवायचंय?"

बाबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, मान जरा मागे नेली आणि फाटकाकडे पाहिलं. दुसऱ्याच्या कामाकडे बघताना ते असंच बघायचे. "सरळ आहे की," ते म्हणाले.

आत जाऊन तिने नवऱ्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं की बाबांना काही बोलू नकोस, त्यांच्या मनाला लागेल. नजर कमी झाली असेल, चष्म्याचा नंबर वाढला असेल. मी रविवारी स्क्रू काढून नीट बसवतो, त्यांना कळणारही नाही. तिलाही ते बरोबर वाटलं. या माणसाला, त्याच्याच हातचं काम वाकडं आहे असं कोणत्या तोंडाने सांगायचं? घरात प्रत्येकाला प्रत्येकाशी चांगलंच वागायचं होतं.

दुपारी मुलगी झोपली आणि ती कामाला बसली. ओळीत पुढचा शब्द होता 'लॉपसाइडेड'. समोर फाटक होतंच. तिला हसू आलं. अर्थ तिने असा लिहिला: एक बाजू दुसरीपेक्षा जड, मोठी किंवा खाली असलेलं. तसंच, ज्यात एकाकडे सगळं आणि दुसऱ्याकडे काहीच नाही असं, म्हणजे वाटणी, सामना, करार. पहिलं वाक्य फाटकाचं झालं. दुसरं, सगळी उंच मुलं एकाच संघात गेली आणि खेळ असा झाला. तिसऱ्यापाशी ती अडली. इंग्रजी गोष्टीच्या पुस्तकांत हा शब्द हसण्याला लावतात, हे तिला आठवलं. खट्याळ माणूस असा हसतो, ओठांच्या एकाच कोपऱ्यातून.

तिने मान वर केली. समोर बाबा खुर्चीत बसून झोपलेल्या नातीकडे बघत होते आणि हसत होते. उजवा गाल वर गेला होता. डावा होता तिथेच होता.

हवं ते वाक्य समोर बसलेलं होतं. आजोबा माझ्याकडे बघून असं असं हसले, असं तिने इंग्रजीत लिहिलं आणि बाबांना वाचून दाखवलं. आपण पुन्हा पुस्तकात आलो म्हणून त्यांना बरं वाटलं. म्हणजे काय गं, त्यांनी विचारलं. तिने अर्थ सांगितला.

"आम्ही म्हणायचो, काम एका अंगाला गेलंय." शब्द तोंडात घास असल्यासारखे आले.

"अगदी तेच, बाबा."

"मग ते सरळ कसं करायचं, ते देतात का पुस्तकात?"

"नाही. नुसता अर्थ आणि उपयोग."

"म्हणजे अर्धंच काम."

हेही तिला इतकं आवडलं की वाक्यांबरोबर तिने ते संपादिकाबाईंना कळवलं. त्यांचं उत्तर लगेच आलं. तिसरं वाक्य सुरेख आहे, जिवंत आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. अशी शाबासकी त्यांच्याकडून क्वचित मिळायची. तिने ते उत्तर पुन्हा एकदा वाचलं.

मुलगी उठली. सकाळचा राहिलेला नेम तिला आठवला. तिने मुकादमाला चटईवर बसवलं आणि लाकडी चमचा उजवीकडून पुढे केला. मुलीने ओढला. डावीकडून केला, तसाच ओढला. 'टॉक' केलं. गाल दोन्ही वर गेले. झालं. ती उठणार, तेवढ्यात बाबा खुर्चीतून म्हणाले, आमचीही तपासणी होऊन जाऊ दे की.

मुलीला हसवायला ते असलं काहीतरी नेहमीच करायचे. तिने चमचा त्यांच्या उजवीकडे धरला. त्यांनी तो पटकन ओढून घेतला आणि जिंकल्यासारखा नातीला दाखवला. मग तिने तो डावीकडून धरला.

हात आला नाही.

बाबा हसतच होते. समोर चमचा आहे हे जणू त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. "घ्या की बाबा," ती म्हणाली. त्यांनी उजवीकडे बघितलं, शोधल्यासारखं केलं. मग तिने चमचा त्यांच्या डाव्या हातात ठेवून बोटं मिटली. बोटं उघडली आणि चमचा फरशीवर पडला. मुकादमाला हा नवा खेळ भलताच आवडला; ती खिदळली. तिने चमचा उचलून पुन्हा बाबांच्या हातात ठेवला. तो पुन्हा पडला. मुलगी पुन्हा खिदळली.

कवळी तोंडात दोन्हीकडे सारखीच असते. एवढी साधी गोष्ट तिच्या डोक्यात तेव्हा शिरली. टेबलावरच्या संगणकाच्या पडद्यावर तिसरं वाक्य तसंच उघडं होतं.

पुढचं तिने भराभर केलं आणि नंतर कुणी विचारलं तर तिला ते नीट क्रमाने सांगता येत नसे. रुग्णवाहिकेला फोन केला. नवऱ्याला फोन केला. मुलीला उचलून शेजारच्या कपडे शिवणाऱ्या काकूंच्या दाराशी गेली आणि त्यांच्या हातात दिली. आजवर तिने मुलीला कुणाकडे पाच मिनिटं ठेवलं तरी पाणी उकळलेलंच द्या, खिडकीपाशी नेऊ नका, सुया वर ठेवा, अशी यादी सांगून काकूंना वैताग आणला होता. आज ती एक शब्दही बोलली नाही. काकू गळ्यात मोजपट्टी आणि काखेत मुलगी घेऊन दारात उभ्या राहिल्या. मुकादमाने मोजपट्टी तोंडात घातली होती. तिने ते पाहिलं आणि वळून घरात गेली.

बाबा तोवर खुर्चीतून खाली उतरून फाटकापाशी बसले होते. दवाखान्यात जायचंय म्हटल्यावर त्यांनी हरकत घेतली नाही, हत्यारं तेवढी ठेवतो म्हणाले. पटाशी, हातोडी, गिरमिट, पाणसळ पुसून पुसून पिशवीत घालत होते. त्यांच्या उजव्या अंगाला पडलेलं एकेक हत्यार पिशवीत गेलं. डाव्या अंगाला पडलेली तशीच राहिली. पिशवीची नाडी ओढून ते म्हणाले, "झालं. चल."

दवाखान्यातल्या डॉक्टर वयाने तिच्याएवढ्याच होत्या. त्यांनी बाबांना हसायला सांगितलं. दोन्ही हात वर करून धरायला सांगितलं. एक साधं वाक्य म्हणायला सांगितलं. तिने रोज सकाळी जे चमचा घेऊन केलं होतं तेच सगळं, फक्त चमचा नव्हता. मग डॉक्टर तिच्याकडे वळल्या.

"हे अगदी नीट होते, असं तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?"

मुलीने शेवटचं दूध कधी घेतलं, किती घेतलं, त्यातलं किती ओकून टाकलं, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. बाबांचं तसं तिने काही टिपलेलं नव्हतं. डॉक्टरांनी समजावलं, मेंदूकडे जाणारं रक्त अडलं असेल तर सुरुवातीच्या काही तासांत देता येतं असं औषध आहे. म्हणून वेळ विचारतेय. मग तिने मनातल्या मनात मागे जायला सुरुवात केली. चमचा. हसणं. फाटक. दाराची चौकट. चहा.

"रविवारी माझी नणंद फोनवर म्हणाली होती, की त्यांची जीभ जड वाटतेय," ती म्हणाली.

डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली नाही. "आज गुरुवार," त्या म्हणाल्या.

ते औषध देता आलं नाही. दुसरी दिली. बाबा वाचले. डाव्या हातात जोर राहिला नाही, पाय ओढत चालता येईल असं सांगितलं गेलं, बोलणं बऱ्यापैकी सुधारेल असंही. सगळ्यांत विचित्र गोष्ट समजायला तिला वेळ लागला. त्यांचे डोळे चांगले होते. डाव्या बाजूचं जगच त्यांच्या लक्षात येत नव्हतं. ताटातलं उजवीकडचं जेवण संपायचं, डावीकडचं तसंच राहायचं, आणि पोट भरलं नाही म्हणून ते आणखी मागायचे. परिचारिकेने सांगितलं, त्यांच्याशी डावीकडूनच बोला. आवाज तिकडून आला की हळूहळू मान तिकडे वळेल.

ताई मिळेल ती गाडी पकडून आल्या. आल्या त्या थेट पलंगाच्या डाव्या अंगाला जाऊन बसल्या आणि वडिलांच्या त्या निपचित हाताची नखं कापायला लागल्या. ती पलंगाच्या पायाशी उभी होती. ऐकून घ्यायची तिची तयारी होती. मनात तिने ताईंच्या वाक्यांचे मसुदेसुद्धा करून ठेवले होते. ताईंनी पाचही बोटांची नखं कापली, कागदात गुंडाळली, आणि म्हणाल्या, "मी तरी काय, दर रविवारी काहीतरी म्हणतच असते. कोण लक्ष देणार."

त्या टोचून बोलल्या की समजून घेऊन, हे तिला कळलं नाही. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, ताईला सगळं तोलूनमापून बोलता येत असतं तर तिचं सगळ्यांनी ऐकलं नसतं का?

बाबा घरी आले. खुर्ची तीच, पण डावा हात आता मांडीवर पडून असायचा, कुणीतरी आपलं हत्यार सांभाळायला ठेवून गेल्यासारखा. सकाळच्या नेमात आता दोघं होते. आधी मुकादम, मग आजोबा. चमचा डावीकडून पुढे आला की बाबांची मान सावकाश फिरायची, मग नजर, मग खांदा. हात यायचा नाही, पण यायला निघाल्यासारखा दिसायचा. मुलगी समोर बसून हे सगळं गंभीरपणे बघायची. बाबा म्हणायचे, बरोबर आहे, मुकादम बसून बघणार आणि गडी राबणार.

एका रविवारी नवऱ्याने स्क्रू पिळायला हत्यार काढलं आणि तो फाटकापाशी गुडघ्यावर बसला.

"काय करतोस?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. जरा घट्ट करतो."

"सरळ आहे ते. हात लावू नकोस."

नवरा तसाच बसून राहिला. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, लावू नकोस अशी. त्याने ते अर्धवट राहिलेले दोन स्क्रू आहेत त्याच जागी घट्ट केले, तिसरा रिकाम्या भोकात बसवला, आणि उठला. फाटक जसं होतं तसं पक्कं झालं. त्याचा परिणाम असा झाला की काही दिवसांनी मुकादम पहिल्यांदा उभी राहिली ती त्याच डाव्या झडपेला धरून. उजवीला तिचा हात पोचत नव्हता; डावी दोन बोटं खाली होती.

"बाबा," ती डाव्या अंगाला वाकून म्हणाली, "इकडे बघा."

बाबांनी मान वळवली. जड दार लोटावं तशी ती हळूहळू वळली, मध्ये थांबली, पुन्हा वळली. फाटकाला धरून उभी असलेली नात त्यांना दिसली. ते हसले, तसेच, एका गालाने. कितीतरी वेळ ते तिच्याकडे आणि तिने धरलेल्या झडपेकडे बघत होते. मग म्हणाले, "ही झडप खाली गेलीय का गं?"

तिने हो म्हटलं.

"मला कुणी सांगितलं नाही," बाबा म्हणाले. एवढंच म्हणाले. आवाजात राग नव्हता.

शब्दकोशाची तपासायची पानं आली तेव्हा तिने ते तिसरं वाक्य खोडलं. संपादिकाबाईंचा फोन आला. सगळ्यांत चांगलं वाक्य का काढताय, असं त्यांचं म्हणणं होतं. तिने जे घडलं ते थोडक्यात सांगितलं. मग बाई म्हणाल्या, ठीक आहे, दुसरं घाला. तिने विचारलं, या शब्दाखाली 'करून बघा' घातलं तर चालेल का? बाईंना ते पटेना. 'करून बघा'मध्ये पाणी, ताटल्या, सावल्या असं काहीतरी गमतीचं असतं. मुलं घाबरतील, पालक तक्रार करतील. तिने वाद घातला नाही. मजकूर लिहून पाठवला आणि आधी वाचून बघा म्हणाली. बाईंनी वाचला. त्यातलं कवळीचं वाक्य तेवढं काढू या का, असं त्यांनी विचारलं. राहू द्या, ती म्हणाली. राहिलं.

त्या पानावर ते आता असं आहे:

करून बघा. हे पुस्तक असंच उघडं ठेव. घरात, नाहीतर शेजारी, जे सगळ्यांत वयस्कर माणूस असेल त्याच्यासमोर जाऊन बस. त्यांना हसायला सांग. दोन्ही हात वर करायला सांग. तुझं नाव घ्यायला सांग. दोन्ही बाजू सारख्या असतील तर तूही हस आणि परत ये. सारख्या नसतील तर मोठ्याने हाक मार आणि कुणीतरी येईपर्यंत तिथून हलू नकोस. कवळी नवीन आहे, असं कुणी म्हटलं तरी. शब्द कुठे जात नाही. आधी बघून ये.